टाकीत उतरलेली विभूती

बोईसर स्टेशनाबाहेरच्या कमलाकांत चुरीच्या फोटो स्टुडिओपुढे त्या गुरुवारी एवढी गर्दी जमली की रिक्षावाल्यांना थांबा पलीकडे न्यावा लागला. पहिली पाळी संपवून आलेले सरावलीच्या कारखान्यांतले कामगार होते, बाजाराला निघालेल्या बायका होत्या आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली होती. आत काचेच्या टाकीत सहा सोनेरी मासे पोहत होते. शेजारी, फोटोसाठी ठेवलेल्या नक्षीदार खुर्चीत जलानंद महाराज बसले होते.

"माशांवरचे पांढरे कण गेले कुठे? जलात गेले!" महाराज सांगत होते. "खरूज, नायटा, गजकर्ण, सब का इलाज. एक घोट सकाळी, एक घोट संध्याकाळी. डॉक्टरची चिठ्ठी चुलीत घाला."

गोष्ट १९८६ च्या जानेवारीतली. मी तेव्हा औषधांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करत होते. कमलाकांत माझ्याच गावचा, चिंचणीचा. मला तो विजयाताई म्हणे आणि माझे बहुतेक सगळे ऐके. महाराजांच्या बाबतीत मात्र ऐकेना.

त्याचेही कारण होते. चार दिवसांपूर्वी महाराज पासपोर्टचा फोटो काढायला आले, तेव्हा माशांच्या अंगावर आणि परांवर रव्यासारखे पांढरे कण उमटले होते. ते कधीपासून आहेत, हे महाराजांनी आधी विचारून घेतले. मग डोळे मिटले आणि जाहीर केले की ही जलदेवतेने धाडलेली विभूती आहे, गुरुवारी आपण ती पाण्यात उतरवू. गुरुवारी सकाळी टाकीतले मासे खरोखर लख्ख झाले होते. कमलाकांतने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्याला मी काय सांगणार?

माझ्यादेखत एका बाईने मांडीवरच्या तान्ह्या बाळाला ते पाणी चमच्याने पाजले. मासे ज्यात हगतात तेच पाणी आहे हे, असे मी तिला सांगितले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा महाराजांकडे, आणि दुसरा चमचा भरला. त्या दिवशी मी घरी गेले ती चरफडतच.

मंगळवारी कण परत आले. या वेळी दहापट. दोन मासे मेले आणि उरलेल्या चौघांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दिसू लागले. महाराज जराही डगमगले नाहीत. टाकीला अपवित्र हात लागला, म्हणून देवता कोपली, असे त्यांनी सांगून टाकले. टाकी धुणारी होती जिवली. डोंगराकडच्या पाड्यावरून येऊन ती तीन वर्षे स्टुडिओ झाडत होती, टाकीचे पाणी भरत होती. कमलाकांतने तिला त्याच दिवशी कामावरून काढले.

संध्याकाळी ती माझ्या दाराशी येऊन बसली. रडत नव्हती, पण आपले काय चुकले, ते तिला कळत नव्हते. मी मासे आधी कसे होते ते विचारले.

"शेठनी मुंबईसून दोन नवं मासं आनलं," ती म्हणाली, "तवापासून समदे खड्यांवर आंग घासत व्हते, खाज सुटल्यागत. पांढरं नंतर आलं. मी शेठला सांगितलं. त्यानं आयकलं नाय."

मला एवढे पुरे होते. जे महाराजांच्या दिव्यदृष्टीला दिसले नाही, ते झाडू मारता मारता जिवलीने टिपले होते.

मी कमलाकांतकडे चारपैकी दोन मासे मागितले, दहा दिवसांसाठी. दोन मेलेले पाहून तो हबकला होता. त्याने मुकाट्याने दिले. जिवलीने आणि मी दोन टब घेतले. साठवून ठेवलेल्या पाण्यात थोडे खडेमीठ घातले आणि थंडी होती म्हणून वर चाळीसचा बल्ब टांगला. रोज सकाळ-संध्याकाळ मासे एका टबातून दुसऱ्यात हलवायचे, आणि रिकामा टब उकळत्या पाण्याने धुऊन पालथा घालायचा. जिवलीने एकही पाळी चुकवली नाही. दहाव्या दिवशी दोन्ही मासे स्वच्छ होते आणि भुकेने टबाच्या कडेला तोंड मारत होते.

तरी एक गोष्ट मला छळत होती. कण नेमके गुरुवारी पडतील, हे महाराजांना कसे कळले? हे माशांच्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक असणार. मी कमलाकांतला म्हटले, "त्यांचा फोटो तुझ्याकडेच आहे ना? मासे घेतलेस त्या दुकानात आणि आजूबाजूलाही दाखवून ये."

तो गेला आणि परतला तो कान लाल करून. मुंबईच्या शोभेच्या माशांच्या बाजारात तिसऱ्या दुकानात फोटो पाहून मालक हसत सुटला होता. हे महाराज चार वर्षे त्याच्याकडे टाक्या धूत होते.

रविवारी मी एका शाळेतून सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि स्टुडिओच्या टेबलावर ठेवला. गर्दी होतीच, महाराजही होते. टाकीत उरलेल्या दोनपैकी एका माशाच्या अंगावरून मी एक कण अलगद काढला, काचपट्टीवर ठेवला आणि सगळ्यांत आधी बोलावले सातपाटीच्या रंभाबाईंना. डोक्यावर टोपली घेऊन तीस वर्षे मासे विकणारी बाई. तिला माशातले कुणी काही शिकवायला नको. रंभाबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले.

"फिरतंय ते," त्या म्हणाल्या. "गोल गोल."

"देवतेचं चक्र आहे ते, माते," महाराज म्हणाले.

रंभाबाईंनी डोके वर काढले. "उवा हायत या. माशाच्या उवा. देव आसता तर मासा कशाला मेला आसता?"

हशा पिकला. मग मी नीट समजावले. हा परजीवी नव्या माशाबरोबर टाकीत आला. तो कातडीखाली शिरतो, तिथेच पोसला जातो, आणि पाच-सात दिवसांनी पोट भरले की आपणहून गळून तळाशी बसतो. मासा स्वच्छ दिसतो तो तेव्हा. तळाला एका कणाची शेकडो पिल्ले होतात आणि ती पुन्हा माशावर चढतात. आम्ही मासे रोज दोन वेळा हलवले, त्यामुळे कण पडले तरी पिल्ले जुन्या टबातच राहिली आणि उकळत्या पाण्यात मेली. एवढीच विभूती. महाराजांना हे टाक्या धुताना कळले होते.

कमलाकांतने पासपोर्टच्या फोटोंची पाकिटे महाराजांपुढे धरली आणि मुंबईच्या मालकाचा निरोप सांगितला: परत या, टाक्या घाण झाल्यात. महाराजांनी पाकिटे घेतली आणि स्टेशनाकडे चालू लागले. लोकांनी वाट करून दिली.

मग कमलाकांत सगळ्यांदेखत जिवलीपुढे उभा राहिला. "चूक माझी होती. कामावर ये."

"येईन," ती म्हणाली. "पन नवं मासं आनलं का पैलं मला दाखवायचं. मी बघीन, मंग टाकीत."

त्याने कबूल केले. ती पद्धत त्या स्टुडिओत पुढे वर्षानुवर्षे चालली: नवा मासा आधी पंधरा दिवस जिवलीच्या टबात, मग टाकीत.

माझे म्हणणे एवढेच आहे. चमत्कार दिसला तर जरूर पाहा, पण पाहून लगेच बाटली पुढे करू नका. पंधरा दिवस थांबा. त्याआधी काय घडले होते ते विचारा, आणि ते त्याला विचारा ज्याचे हात रोज त्या पाण्यात असतात.