डावखुऱ्याचा ओपनर

बाटली उघडताना आजही त्याचं कोपर भिंतीला लागलं. ओपनर दाराच्या चौकटीवर डाव्या बाजूला ठोकलेला, दोन स्क्रूंपैकी खालचा गंजलेला — कुणा डावखुऱ्या माणसाने आपल्या हाताच्या सोयीने लावलेला — आणि एल्डन उजव्या हाताचा. इतकी वर्षं रोज अंग वाकडं करून बाटली उघडायची, पण तो काढून पलीकडे लावायचा... छे. बायको होती तेव्हा म्हणायची, दोन स्क्रूंचं तर काम आहे, मी करते. एकदा तो तिच्यावर असा खेकसला की तिने पुन्हा विषय काढला नाही.

रेडिओवर सकाळपासून एकच गोंधळ होता. बफेलोच्या बेसबॉल संघाने आपला सर्वात मोठा पिचर, चेंडू फेकणारा, टॅकोमाच्या संघाला दिला, बदल्यात दोन कोवळी पोरं घेतली. फायदा कुणाचा? तोटा कुणाचा? निवेदक खाटकाच्या तराजूत मांस टाकावं तशी माणसं टाकत होता. एल्डनने रेडिओ बंद केला, पण असल्या दिवशी रेडिओ बंद करून भागत नाही, घर ऐकतच राहतं. त्याने टोपी घातली आणि तो डॉटीच्या खाणावळीत गेला.

"लुटलं आपल्याला! दिवसाढवळ्या लुटलं!" मिक काउंटरवर हात आपटत होता.

"तुला रे काय कळतंय?" डॉटी कॉफी ओतता ओतता म्हणाली. "गेल्या महिन्यात त्याच पिचरला घरी बसवा म्हणून बोंबलत होतास."

"मग विचार एल्डनला! याच्याएवढा फायद्याचा सौदा या शहराने कधी केला नाही. एका कोवालच्या बदल्यात लुईव्हिलकडून हा मिळाला, दहा सीझन खेळला. आणि लुईव्हिलला काय मिळालं? भोपळा!"

सगळे हसले. एल्डनही हसला — हसायची सवय झाली होती. त्या भोपळ्यात एक माणूस मेलेला आहे हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही, आठवून आठवून बोथट झालं होतं. त्याने अंडी तशीच ठेवली आणि तो उठला.

लेन कोवाल. चालता चालता एल्डन मनाशी आठवत राहिला. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, फक्त फोनवर तो हसरा, घाईतला आवाज. "घर माझं घे, मी तुझं घेतो. भर सीझनमध्ये कुठे शोधत बसतोस? चावी फुलाच्या कुंडीखाली." आम्ही सगळे खेळाडू तसंच करायचो. अदलाबदल झाली की घरंही बदलायची, भांडी, पलंग, अर्धी मीठदाणीसुद्धा. मी माझी चावी लुईव्हिलच्या पायपुसण्याखाली ठेवली आणि निघालो. तो इकडून निघाला. कुठेतरी आम्ही एकमेकांसमोरून गेलो असू... ओहायोत धुकं होतं, लाकडं भरलेला ट्रक होता. मी त्याच्या स्वयंपाकघरात शिरलो, बाटली काढली, कोपर भिंतीला लागलं, मला हसू आलं — लेका, तू डावखुरा ना! — आणि फोन वाजला. ओहायोचे पोलीस. कोवालांचंच घर का? मी हो म्हणालो. त्याची बायको थेरेसा बहिणीकडे गेली होती, बहिणीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. तो मी वाचून दाखवला. आवाज न कापता.

पुढे घरमालकाने कोवालांचं ते घर विकायला काढलं. थेरेसाला ते नको होतं, म्हणून एल्डनने घेतलं. ती याच वस्तीत राहिली, आणि इतकी वर्षं ती बाजारात दिसली की तो दुसऱ्या गल्लीत वळायचा. भांडली असती तर बरं. पण तिने जर एखाद्या दिवशी शांतपणे विचारलं, की या सौद्यात कुणाला काय मिळालं, सांगा... तर आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही, याची त्याला खात्री होती.

आज वळायला जागाच नव्हती. खाणावळीतून निघून तो बाजारात कांद्यांपाशी वाकला, वर पाहिलं, तर समोर ती, थेरेसा. केस पांढरे, हातात पिशवी.

"रेडिओवर दिवसभर तेच चाललंय," ती म्हणाली.

"हो ना. मिक म्हणतो, आपण लुटले गेलो."

"मिकला विचारतंय कोण!" तिने एक कांदा दाबून पाहिला, परत ठेवला. "आमच्या वेळेला मात्र खरंच लुटले गेलात हं तुम्ही."

"कोण, मी?"

"अहो, बफेलो! लुईव्हिलच्या मैदानाची उजवीकडची भिंत किती जवळ. लेनसारख्या डावखुऱ्याचा फटका तिकडेच जातो, त्याला म्हणजे चैनच. पहिल्याच वर्षी तीसच्या वर होमरन. मग गुडघा धरला, ते वर्ष बेताचंच गेलं. पण नंतर पुन्हा..." तिने मान डोलावली. "तुम्ही चांगले होतात, नाही म्हणत नाही. पण लेन तो लेन."

एल्डनने तिच्याकडे निरखून पाहिलं. वेड नव्हतं त्या डोळ्यांत. शेजारणीला मुलाची खुशाली सांगावी तशी ती सांगत होती.

"तुमच्या त्या लुईव्हिलच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन यायचं ना?"

"यायचं," तो कसाबसा म्हणाला.

"वाटलंच मला. आणि चावी पायपुसण्याखालीच होती?"

ती चावी नंतर तिथल्या मालकाने पाकिटात घालून परत पाठवली होती. अजून त्याच्याकडे होती.

"हो," तो म्हणाला. "तिथेच."

"मिळाली म्हणजे त्याला," ती म्हणाली, आणि कांदे न घेताच पुढे गेली.

परतताना तो तिचे आकडे मोजत चालला. तीस होमरन... त्याला ती भिंत ठाऊक होती, तिच्यावर चेंडू आपटल्याचा आवाजही. तीस काय, पस्तीस झाले असते. झाले असते — का झाले? दुसऱ्या वर्षी गुडघा. कुठला, डावा? विचारायला हवं होतं. दहा सीझन आपण एकटेच खेळलो असं तो धरून चालला होता, आणि तिकडे दुसरा माणूस चेंडूमागून चेंडू भिंतीपार धाडत होता, त्याची बायको मोजत होती. मग मिकचा भोपळा खरा, की कांद्यांपाशी ऐकलेलं खरं? त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या आत कुठेतरी एवढंसं बरंही वाटलं, त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी ऊन अजून खिडकीत होतं. त्याने बाटली काढली, चौकटीपाशी गेला, अंग वाकडं केलं. कोपर लागलं. ते चोळत तो तिथेच उभा राहिला. लुईव्हिलच्या घरातला ओपनर मी लावलेला, उजव्या बाजूला. म्हणजे तिकडे डावखुऱ्या लेनचंही कोपर रोज भिंतीला लागत असणार... इतकी वर्षं. दोन स्क्रूंचं तर काम आहे. काढून पलीकडे का लावत नाही तो?