सत्तावीस नंबर गॅरेज

आमच्या घरात देवावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता. जो काही होता तो सत्तावीस नंबरवर. राज्य महामार्ग क्रमांक सत्तावीस. आप्पांनी जन्मभर त्याच्या कडेला ट्रक दुरुस्त केले. आमच्या गॅरेजचं नाव 'सत्तावीस नंबर गॅरेज', आणि ड्रायव्हर लोक माझ्या बापाला सत्तावीसआप्पा म्हणायचे. मी त्यांची मुलगी, आणि त्यांच्याच शिव्या खाऊन तयार झालेली मेकॅनिक. लग्न केलं नाही. माझी नखं बघून एकदोघांचा उत्साह मावळला, आणि मलाही नवऱ्यापेक्षा गिअरबॉक्स सांभाळणं सोपं वाटलं.

आप्पांच्या या भक्तीला कारण होतं. सत्तावीस नंबर पूर्वी शहराच्या बाजारपेठेतून जायचा आणि तिथे आजोबांचं टायरचं दुकान होतं. पुढे गाड्या मोठ्या झाल्या, पेठ अरुंद पडली, तेव्हा सरकारने तो नंबर उचलला आणि शहराबाहेरून काढलेल्या नव्या रस्त्याला दिला. पेठेतला रस्ता जागेवरच होता, डांबरही तेच होतं, नुसता नंबर गेला. आजोबा म्हणाले, "माझी गिऱ्हाईकं मला सोडून कुठे जाणार?" गिऱ्हाईकं गेली. आजोबा दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले आणि बघता बघताच संपले. आप्पा तेव्हा विशीत होते. त्यांनी कानाला खडा लावला, की नंबर जाईल तिथे आपण जायचं, आणि उशीर करायचा नाही. शहराबाहेर जागा घेऊन गाडीखाली उतरायचा खड्डा त्यांनी स्वतः खणला. त्यात काळा खडक लागला तोही स्वतःच फोडला. मी त्या खड्ड्यातच वाढले म्हटलं तरी चालेल.

मग एक दिवस दादा आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो राजधानीत रस्ते खात्यात नकाशे काढतो, आणि घरी आला की बूट न काढता बोलायला लागतो. त्याने टेबलावरची ताटं बाजूला सारली आणि नकाशा पसरला.

"आप्पा, सत्तावीस नंबर हलतोय. टेकडीपलीकडून चौपदरी रस्ता येतोय, नंबर त्याला मिळणार. आपल्या दारातला रस्ता यादीतून बाद."

"बाद म्हणजे?" मी विचारलं.

"बाद म्हणजे बाद. नंबर नाही, पाट्या नाहीत. नुसता रस्ता."

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. दादाने वीटभट्टीच्या मागच्या माळावर बोट ठेवलं. "इथे जागा घ्या. समोरून सर्व्हिस रोड जाणार, मी माझ्या हाताने काढलाय. महामार्गावरून उतरलेली गाडी थेट तुमच्या दारात."

"आप्पा, आपण थांबू या," मी म्हटलं. "रस्ता उघडू दे, गाड्या कशा वळतात ते बघू, मग ठरवू."

"तुझे आजोबाही हेच म्हणाले होते," आप्पा म्हणाले. आमच्या घरात आजोबांचं नाव काढलं की वाद संपतो.

जुनं गॅरेज बॅटरीवाल्याने घेतलं. आमच्या शेजारच्या पत्र्याच्या टपरीत तो बॅटऱ्या चार्ज करायचा. अंगाने किडकिडीत, आणि आप्पांसमोर उभा राहिला की हात पाठीमागे बांधणारा. सौदा झाल्यावर आप्पांना त्याची दया आली. "अरे वेड्या," ते त्याला म्हणाले, "मुडदा विकत घेतोयस तू." बॅटरीवाला नुसता हसला. आम्ही आमची पाटी काढून ट्रॉलीत टाकली. त्याच आठवड्यात खात्याची माणसं येऊन जुन्या रस्त्यावरचे नंबरचे फलक उपटून घेऊन गेली, मैलाच्या दगडांवरचे आकडे चुन्याने पुसून गेली. आप्पा मुद्दाम बघायला गेले होते. परत आले ते अगदी खुशीत. आपण या वेळी बापाच्या वाटेने गेलो नाही, याचा तो आनंद होता.

चौपदरी रस्ता उघडला आणि सर्व्हिस रोड काही आला नाही. खर्च फार होत होता म्हणून नकाशातून वगळला, असं दादा फोनवर म्हणाला. "माझ्या हातात असतं तर..." असंही म्हणाला. त्याच्या हातात काय असतं ते मला आजवर कळलेलं नाही. सर्व्हिस रोडच्या जागी लोखंडी जाळी आली, माणसाच्या उंचीच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाळीच्या पलीकडे सत्तावीस नंबर, अलीकडे आमचं घर आणि गॅरेज. दोन्हींच्या मध्ये एक ट्रकसुद्धा आडवा मावला नसता इतके आम्ही जवळ होतो. पण आमच्यापर्यंत यायचं तर गाडीने पुढे जाऊन शहराजवळ उतरायचं, उलटं यायचं आणि वीटभट्टीच्या चिखलातून वाट काढायची. कोण येतंय!

आप्पा जाळीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. गाड्या सुसाट जायच्या. ते आवाजावरून ओळखायचे. "याचं बेअरिंग गेलंय." "ह्याच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पान तुटलंय, पुढच्या चढाला बसेल मटकन." सुरुवातीला ते हात करायचे. एकदा एका ओळखीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तर दिवसभर त्याचंच कौतुक. नवा खड्डा खणला होता तो पाण्याने भरला, त्यात बेडकांचं बरं चाललं होतं. खुर्ची होती, पायरी नव्हती, एवढाच आप्पांत आणि आजोबांत फरक. हे माझ्या तोंडाशी कितीदा आलं आणि मी मूग गिळून बसले. राग यायचा. दादाचा यायचा, जाळीचा यायचा, पण सगळ्यात जास्त त्या खुर्चीचा यायचा.

महामार्गावर टोलनाका बसला आणि ट्रकवाल्यांनी हिशोब केला. टोल द्या, वर कुठे थांबायची सोय नाही, चाक पंक्चर झालं तरी शिट्टी मारत पोलीस हजर. जुना रस्ता फुकट होता. सावली होती. नंबर नव्हता म्हणून कुणी अडवणारंही नव्हतं. हळूहळू सगळी जड वाहतूक तिकडे वळली. मला हे कळलं ते शहरातून येताना. आमच्या जुन्या गॅरेजसमोर ट्रकची रांग लागली होती आणि बॅटरीवाला घामाघूम होऊन तिघांना एकदम उत्तरं देत होता. वर पाटी होती: 'सत्तावीस नंबर गॅरेज'. आमच्या पाटीच्या दुप्पट मोठी, रात्री उजळणारी. ड्रायव्हर त्याच नावाने ओळखतात, तो काय करणार!

मला बघून त्याने हात पाठीमागे बांधले. जुनी सवय. "ताई," तो म्हणाला, "मला बॅटरीपलीकडे काही येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात तर उपकार होतील."

मी दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागले. घर चालायला हवं होतं. आप्पांना सांगितलं, की शहरात गाड्यांच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली. संध्याकाळी साबणाने, रॉकेलने हात घासून घरी यायचे. आप्पा रोज जेवताना एकच प्रश्न विचारायचे.

"जुन्या रस्त्याने आलीस? आहे का काही तिकडे?"

"काय असणार! गवत उगवलंय."

"बॅटरीवाला?"

"माशा मारतोय."

मग त्यांना घास गोड लागायचा. मला दिसायचं ते. गॅरेज गेलं, काम गेलं, पण आपण चुकलो नाही, तिकडे राहिलो असतो तर मेलोच असतो, एवढी एक गोष्ट त्यांच्याजवळ उरली होती. ती मी डोळ्यांत तेल घालून राखली. बाहेरच्या कुणाला त्यांच्याजवळ फार वेळ बसू द्यायचे नाही.

घरच्याचा मात्र बंदोबस्त करता आला नाही. एकदा आम्ही जेवत असताना दादा नवी गाडी घेऊन आला. बूट घालूनच आत आला आणि खुर्चीत पसरला.

"काय गर्दी आहे हो जुन्या रस्त्यावर! ट्रकला ट्रक चिकटलेला. आपल्या गॅरेजपाशी तर पाऊण तास अडकलो."

मी त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले. त्याने ते पाहिलेच नाहीत.

"तू जुन्या रस्त्याने आलास?" आप्पांनी विचारलं. "सत्तावीस नंबरने नाही?"

"तो टोल कोण भरणार, आप्पा? आमच्या ऑफिसातलं कुणीच जात नाही तिकडून." मग तो माझ्याकडे वळून हसला. "आणि हिला बघितलं ना मी! मालकिणीसारखी ओरडत होती सगळ्यांवर. मी हाक मारली तर ऐकायलाही आलं नाही बाईसाहेबांना."

मला त्याच्या थोबाडात मारावीशी वाटली. मारायला हवी होती. आप्पांनी ताटातला हात तसाच ठेवला.

"तू तिथे जातेस ते माहीत होतं मला," ते मला म्हणाले. "पार्टच्या दुकानात डिझेलचा वास येत नाही हाताला. मला वाटलं, एखाददुसरी गाडी येत असेल. तोही जगतोय कसाबसा, आपणही जगतोय."

मी माझे हात टेबलाखाली घेतले.

"रांग असते?"

"असते."

"रोज?"

"रोज, आप्पा."

दादाच्या आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. "आप्पा, नकाशात सर्व्हिस रोड होता, खरंच होता—"

"जेव," आप्पा म्हणाले. स्वतः उठले आणि हात धुऊन बाहेर गेले. मी दारातून बघितलं. ते जाळीजवळची खुर्ची घडी करत होते. गंजली होती, मिटत नव्हती. शेवटी तशीच उचलून त्यांनी ती बेडकांच्या खड्ड्यात टाकली.

सकाळी मी स्कूटर काढली तर आप्पा शेजारी उभे. अंगात कामाची खाकी डांगरी, जुनं गॅरेज सोडल्यापासून न घातलेली. ती आता खांद्यावर लोंबत होती. हातात पान्यांची पेटी.

"कशाला आप्पा? धूळ आहे, उन्हाचं—"

"चल."

चुना लावलेले दगड मागे गेले, मग ट्रकची रांग सुरू झाली. ती संपेपर्यंत ते मागे बसून एकेका ट्रककडे बघत होते, हे मला आरशात दिसत होतं. एकदोन ड्रायव्हरांनी "आप्पा!" अशी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. गॅरेजपाशी उतरल्यावर त्यांनी ती मोठी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

बॅटरीवाला धावतच आला. धांदलीत त्याने स्वतःची खुर्ची पुढे ओढली, फडक्याने पुसली. "आप्पा, बसा ना. बसा. चहा सांगतो."

आप्पा खुर्चीकडे गेले नाहीत. त्यांनी पेटी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मालक," ते म्हणाले, "माणूस हवाय का तुम्हाला?"

बॅटरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी पाना उचलला आणि आप्पांनी खणलेल्या खड्ड्यात उतरले. वर कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. थोड्या वेळाने कोणीतरी माझ्या शेजारी उतरलं, धापा टाकत, आणि अंधारात हात पुढे करून म्हणालं, "ग्रीसचा डबा दे."