शिट्टीसाठी केलेली कवळी

मी एक कवळी. वरची. खालची माझी जाऊ, पण तिचं फारसं मनावर घेऊ नका. ती बसायलाही सैल आणि बोलायलाही सैल. भूमच्या कल्याणप्पा गिरणीवाल्यांच्या तोंडात आम्ही दोघी गेली आठ वर्षं नांदतोय. तोंडात राहणाऱ्याला माणूस सगळा कळतो. तो काय खातो ते कळतं, काय बोलतो ते कळतं आणि बोलता बोलता काय गिळतो तेही कळतं. तेव्हा मी सांगते त्यातलं एक अक्षर खोटं धरू नका. कुठं थोडं फुगल्यासारखं वाटलं, तर ते रात्रभर पाण्यात राहिल्यामुळं.

जगातल्या सगळ्या कवळ्या भाकरीसाठी जन्माला येतात. मी शिट्टीसाठी आले.

झालं असं की, कल्याणप्पांना नाद एकच. ढोकीच्या विरुपाक्ष मास्तरांचा ‘जय शंभू ब्रास बँड’. चुलतभावाच्या लग्नात त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते. त्यानंतर परंडा म्हणू नका, भूम म्हणू नका, जिथं हा बँड तिथं कल्याणप्पा. पत्रिका असो नसो. नवरीकडचे त्यांना नवरदेवाकडचे समजायचे आणि नवरदेवाकडचे नवरीकडचे. एका लग्नात तर दोन्हीकडच्यांनी मानाचा म्हणून फेटा बांधला. एकावर एक दोन फेटे घालून हे बँडपुढं उभे राहिले, तर मागच्या चार ओळींना नवरदेव दिसलाच नाही.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळाला जातो. त्याला परण्या म्हणतात. बँडचा खरा कस तिथंच. देवळापुढच्या पारापाशी पोरं नाचून नाचून घामाघूम होतात, आणि मग जे होतं त्याच्यासाठी कल्याणप्पा गिरणीला कुलूप लावून जायचे.

त्याचं मूळ एका फुटक्या ढोलात आहे. तिसऱ्या की चौथ्या लग्नात ऐन पारापाशी मोठ्या ढोलाचं कातडं फाटलं. बँड गप्प. घोडासुद्धा शेपटी हलवायचा थांबला. कल्याणप्पांना काही ती शांतता सोसवेना. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की, देवळावरची कबुतरं उठून शेजारच्या गावाला गेली. विरुपाक्ष मास्तरांनी मान वळवली, क्लॅरिनेट ओठाला लावली आणि बरोबर त्या शिट्टीचा सूर धरून एक धून वाजवायला सुरुवात केली. कुणी बसवलेली नव्हती, कुठल्या सिनेमातली नव्हती. मागचे वाजवणारे चाचपडत चाचपडत सामील झाले. नवरदेवाची आई रडायला लागली. मुलाच्या आईला रडायचं काय कारण, पण रडली.

तेव्हापासून रीतच पडली. पारापाशी आलं की मास्तर हात वर करून बँड थांबवायचे. क्लॅरिनेट खाली धरायचे आणि गर्दीत बघायचे. शिट्टी आली की धून. शिट्टी नाही, तर धून नाही. कुणी “वाजवा की मास्तर!” म्हणून ओरडलं तर सांगायचे, “थांबा जरा. सूर आला न्हाय अजून.”

तीस-बत्तीस वर्षं असं चाललं. मग कल्याणप्पांना साखरेचा आजार जडला, हिरड्या ढिल्या झाल्या आणि दात एकेक करून निघून गेले. शेवटचा पुढचा दात परंड्याच्या एका लग्नात बुंदीच्या लाडवानं काढला. तो लाडू इतका कडक होता म्हणे की, उरलेले लाडू लावून त्या लोकांनी मांडवाच्या दोऱ्या ताणल्या.

उरलीसुरली मुळं डॉक्टरांनी काढली, त्याच्या आठव्या दिवशी भूमलाच लग्न होतं. मास्तरांनी हात वर केला. बँड थांबला. कल्याणप्पांनी दोन बोटं घातली आणि फुंकर मारली. फुस्स! घोड्यानं वळून बघितलं. पुन्हा मारली. पुन्हा फुस्स, आणि वर हिरड्यांतून रक्त. मास्तर थांबले, थांबले आणि शेवटी नुसतंच काहीतरी नाचायचं वाजवून पुढं निघाले. कल्याणप्पा एका ट्रॅक्टरच्या मागं जाऊन बसले.

मास्तर हुडकत आले. “असं काय बसलाव, कल्याणप्पा?”

“संपलं मास्तर. दात गेले तशी शिट्टी गेली.”

“मग दात बसवून घ्या की! तवर मी ती धून वाजवत न्हाय. तशीच ठेवतो, तुमच्यासाठी.”

घरी हे कळल्यावर सिताबाईंनी, म्हणजे कल्याणप्पांच्या बायकोनं, पोळपाटच बाजूला सारला. “भाकरी कुस्करून खाताव तवा दात आठवले न्हायत. त्या पिपाणीवाल्यासाठी आठवले व्हय?” सिताबाईंनी उभ्या जन्मात तो बँड ऐकला नव्हता. सवत कुणी कान देऊन ऐकतं का?

अशी माझी वेळ आली. डॉक्टर शिवांजलीबाईंनी थंडगार लगदा तोंडात दाबून माप घेतलं आणि विचारलं, “अप्पा, मुख्य त्रास कशाचा होतो? भाकरीचा की शेंगदाण्याचा?”

“शिट्टीचा.”

“कशाचा?”

“शिट्टी वाजली पायजे, बाई. चावायचं मी बघतो कसं बी.”

बाईंनी हसू दाबलं. पण माणूस हसण्यावारी नेत नाही हे बघून त्यांनी माझी पुढची कड तीनदा घासली, दोनदा भरली. आधी मेणाची झाले, मग प्लास्टरमध्ये गाडले गेले, मग गुलाबी होऊन बाहेर पडले. आरशात स्वतःला बघून कल्याणप्पा म्हणाले, “लग्नाच्या वक्ताला असं दिसत न्हवतो.” सिताबाई म्हणाल्या, “मग माझ्या बानं काय बघून मला दिलं होतं?”

आणि माझा पहिला परण्या! काय सांगू! कल्याणप्पा हसत होते, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. लाल कोट, पितळी बटणं, गालफडं फुगवून वाजवणारा गौरीशंकर आणि त्याच्या हातातला तो आभाळाकडं तोंड केलेला मोठा पितळी भोंगा. मास्तरांनी हात वर केला. मी अंग आवरून बसले. दोन बोटं आत आली, मला टेकली, पोटातून वारा सुटला आणि मी गेले!

खरंच गेले. उडाले. नवरदेवाच्या मुंडावळ्यांवरून, घोड्याच्या कानांवरून, थेट गौरीशंकरच्या भोंग्यात. गौरीशंकरनं डोळे मिटलेले, त्याला काय कळणार? त्यानं फुंकलं. आतून असा आवाज आला की, करवल्या एकमेकींच्या मागं लपल्या. मला तर वाटलं, आता हाच माझा संसार. शेवटी मांडवातल्या झाडूची काडी घालून मला बाहेर काढलं आणि नवऱ्या मुलाच्या आत्यानं तांब्याभर पाण्यानं धुतलं. खोटं वाटत असेल तर ढोकीला जाऊन गौरीशंकरला विचारा. तो नाहीच म्हणेल, पण म्हणताना त्याचा चेहरा बघा.

पुढं चिकटवायची पूड आली, बाईंनी माझी कड पुन्हा घासली आणि हळूहळू मला अर्धीमुर्धी शिट्टी जमायला लागली. कुकरची शिट्टी होते न होते तशी. मास्तर तेवढ्यावर भागवून घ्यायचे. कान पुढं करून सूर धरायचे, धून वाजवायचे. पण मी आत बसून ऐकत होते ना! धून यायची ती लंगडत. कल्याणप्पा “वा, मास्तर!” म्हणायचे आणि घरी आल्या आल्या मला ग्लासात टाकायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्याच्यासाठी केली, तेच मला धड जमत नव्हतं. जाऊ म्हणायची, “भाकरी चाव आणि गप बस.” तिला काय महत्त्वाकांक्षा!

अशी सत्तेचाळीस लग्नं मी बघितली. तेवढ्यात माणसं बदलली. आधी नाचायची, मग मोबाइल वर धरून नाचणाऱ्यांना बघायला लागली, मग मोबाइलमध्ये स्वतःला बघायला लागली. डीजे आला. त्याच्या पेट्या वाजल्या की आम्ही दोघी जावा आपोआप एकमेकींवर आपटायचो. कल्याणप्पा तोंड मिटून उभे आणि आतून कटकट कटकट! शेजारचा विचारायचा, “काका, थंडी वाजते का?” भर मे महिन्यात!

बँडला बोलावणं कमी झालं. आणि यंदाच्या उन्हाळ्यात मास्तरांचा निरोप आला. दम लागतो, फुंकायचं बंद करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. भूमचं एक लग्न आधी घेतलेलं आहे, तेवढं वाजवून क्लॅरिनेट पेटीत ठेवणार.

कल्याणप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. सिताबाईंनी विचारलं, “काय झालं?” त्यांनी सांगितलं. मग त्या ताट झाकता झाकता म्हणाल्या, “मी बी येते. बघू तरी, चाळीस वर्षं काय ऐकत होताव.”

लग्नाच्या दिवशी बँडला अर्धाच तास दिलेला. मागं डीजेची गाडी घरघरत उभी. परण्या पारापाशी आला. मास्तर वाळून काटकी झाले होते, लाल कोट खांद्यावरून उतरत होता. त्यांनी हात वर केला. बँड थांबला. मास्तरांनी गर्दीत बघितलं.

मी जीव एकवटला. पूडही दुप्पट लावली होती. बोटं आत आली, वारा आला आणि मी सटकले. फुस्स!

“चला की मास्तर,” नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, “मुहूर्त गाठायचाय.”

“येऊ द्या सूर,” मास्तर म्हणाले.

कल्याणप्पांनी मला दाबून बसवलं आणि पुन्हा फुंकलं. फुस्स. कपाळावर घाम आला. मागून डीजेवाला ओरडला, “काका, सरका हो! लावू का मी?” चारजण हसले. मास्तरांचा हात काही खाली येईना. मला कळून चुकलं. आता शिट्टी गेली तर धून गेली. पुन्हा ऐकायची म्हटलं तरी वाजवणारा नाही.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सिताबाई पुढं आल्या.

“अवो, काढा ती कवळी!”

“काय बोलतीस? इतक्या लोकांत?”

“सकाळी आपली शेळी लांब गेली की कशी बोलवताव? तवा असती का तोंडात कवळी? सारी गल्ली उठते त्या शिट्टीनं!”

कल्याणप्पा बघतच राहिले. मीही! मला तरी काय ठाऊक? त्या वेळी मी स्वयंपाकघरात, झाकण घातलेल्या ग्लासात, गाढ झोपेत. आठ वर्षांपूर्वी ओल्या हिरड्यांनी दोनदा फुस्स झालं, तेव्हा या माणसानं दात नाहीत तर शिट्टी नाही असं धरलं ते धरलंच. हिरड्या कधीच घट्ट झाल्या होत्या. शेळीला कळलं होतं, ह्यांना नाही.

चारचौघांत बोळकं दाखवायची कल्याणप्पांना फार लाज. जांभई आली तरी ते रुमाल धरतात. त्यांनी मास्तरांच्या हाताकडं बघितलं. मग भर परण्यात, घोड्यापुढं, मोबाइलांपुढं, आधी मला काढलं, मग जावेला, आणि आम्हाला सिताबाईंच्या हातात दिलं. सिताबाईंनी आम्हाला पदरात गुंडाळलं.

मला दिसलं काहीच नाही. पण ऐकलं! ती शिट्टी पहिल्यांदा अख्खी ऐकली. इतकी वर्षं मी तिच्या वाटेत बसले होते हो! ती संपायच्या आत क्लॅरिनेट उठली, आणि आली धून, चांगली दोन पायांवर चालत. मास्तरांना मध्ये एकदा दम लागला, तर गौरीशंकरनं भोंग्यावर सूर धरून ठेवला. डीजेवाल्यानं गाडीच बंद केली. मी पदरात होते म्हणून सांगते, सिताबाईंचा हात धुनीच्या ठेक्यावर मला दाबत होता. शेवटी शेवटी तर इतका जोरात की, जाऊ म्हणाली, “बाई चेचतात आता.”

परतताना सिताबाई एवढंच म्हणाल्या, “मेल्यानं आधी का न्हाय नेलं मला?” कल्याणप्पा हसले आणि पहिल्यांदाच रुमाल धरला नाही. तोंडात दात नव्हते तरी.

आता मी भाकरी चावते. शेंगदाणेही. कड झिजलीय, एका सुळ्याला चीर गेलीय, पण काम चोख. सुरुवातीला वाईट वाटलं. ज्यासाठी जन्मले ते काम मला बाहेर काढल्यावरच झालं, हे पचवायला कवळीला तरी कुठं पोट असतं? पण मास्तर आता आठवड्यातून एकदा गिरणीवर येतात. फुंकायचं नाही, म्हणून नुसते बसतात. कल्याणप्पा मला ग्लासात सोडतात, दोन बोटं घालतात आणि ती सगळी धून शिट्टीवरच वाजवतात. मास्तर चुका काढतात. सिताबाई दोघांच्या चुका काढतात.

तुमच्या घरात कुणाची कवळी असेल तर तिला रोज स्वच्छ पाणी द्या, आणि ती काढलेल्या माणसाला हसू नका. थांबा, पाटावर ताट ठेवल्याचा आवाज आला. अप्पांचा हात ग्लासात येतोय. येते मी. एकदा तोंडात गेले की मला माझं बोलता येत नाही, त्यांचंच बोलावं लागतं.