जुनं माप

शिवणाच्या कारखान्यात कोणी शिंकलं की बाराही मशिनं एकदम थांबत आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळत. साथ आल्यापासून ही सवयच पडली होती. कोण नाक पुसतंय, काल कोण आलं नव्हतं, प्रत्येकाची दुसऱ्यावर पाळत.

सगळ्यांत करडी नजर कापड बेतणाऱ्या मास्तरांची. त्यांना साथीचा ताप येऊन गेला होता. बरे झाल्यावर त्यांनी रक्त तपासून घेतलं, तर रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी भरपूर निघाल्या. तो कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून टेबलामागे टांगला. "माझ्याकडे कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?" असं विचारत ते मास्क न लावता फिरत. काजं करणारी मावशी एकदा खरं बोलून गेली, "मास्तर, काल रात्रभर मी खोकत होते." मास्तरांनी तिला आल्या पावली घरी पाठवलं आणि पुन्हा बोलावलंच नाही.

मास्तरांना एकच बहीण, अक्का. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून राबलेली. आता तिलाच कॅन्सरच्या गाठीवरचं कडक औषध चालू होतं. त्यानं प्रतिकारशक्ती पार खाली गेलेली, साधी सर्दीही जिवावर बेतली असती. आठ महिने बहीणभावाची गाठभेट नव्हती. एका रविवारी मास्तरांनी कागद खिशात घातला आणि अक्काचं दार ठोठावलं.

दार उघडलं नाही. दाराशेजारची खिडकी किलकिली झाली आणि आतून अक्काचा आवाज आला.

"तिथंच थांब."

"अगं, मी आहे! कागद आणलाय. आज तुझ्या शेजारी बसून जेवणार."

"तारीख वाच आधी."

"पाच महिने झाले असतील."

"पाच महिन्यांपूर्वीचं माप घेऊन गिऱ्हाईक आलं तर काय करतोस?"

"परत पाठवतो. जुन्या मापावर मी कात्री चालवत नाही." बोलून गेले आणि मास्तरांची नजर हातातल्या कागदावरच्या तारखेवर गेली.

"अँटीबॉडी हळूहळू कमी होतात रे," अक्का म्हणाली. "आणि असल्या, तरी तू आजारी पडणारच नाहीस असं नाही. तुला नुसती शिंक येईल आणि मी मात्र अंथरूण धरीन. बरं, कारखान्यात कोणी खोकतं का?"

"एकही नाही!" मास्तरांची छाती फुगली. "माझा धाकच तसा आहे."

"थंडीचे दिवस, सुताची धूळ, बारा माणसं, आणि एकही खोकत नाही? सगळ्यांवर संशय घेतोस, मग याचाच कसा आला नाही?"

मास्तर एकेक आठवू लागले. इस्त्रीवाला सारखा बाहेर का जातो? कोपऱ्यातलं मशीन मधूनच उगाच का धडधडतं? त्या आवाजाखाली कोण काय दाबत होतं? आणि आपण स्वतः? सकाळपासून आपण गोळी कशासाठी चघळतोय?

ते दोन पावलं मागे सरकले.

"अक्का, घसा तर माझाच दुखतोय. सकाळपासून."

"हे दारात आल्या आल्या सांगायचं होतंस, शहाण्या! जा, तपासून घे."

तपासणीत मास्तरांना पुन्हा लागण झालेली निघाली! ताप फारसा चढला नाही. पण अक्काशेजारी बसून जेवायचा आपला तो बेत आठवला की त्यांना घाम फुटे.

बरे झाल्यावर त्यांनी आधी भिंतीवरचा, कागद टांगायचा तो रिकामा खिळा उपटला, खिडक्या उघडल्या, मास्क लावला आणि स्वतः मावशीच्या घरी गेले.

"चल कामावर. चूक माझी होती. यापुढे खोकला सांगेल त्याचं काम जाणार नाही."

"आणि तुम्ही खोकलात तर?" मावशीनं डोळे बारीक केले.

"मग तू मला घरी पाठव."

त्या आठवड्यात तिघांनी आपणहून दुखणं सांगितलं.

वाचकहो, साथीत सावध राहायलाच हवं. पण जिथे खरं सांगणाऱ्याला शिक्षा होते, तिथे आजार लपून बसतो. कोणाला कधी भेटायचं हे आपल्या जुन्या कागदावरून ठरवू नका. आजची आपली तब्येत बघा, आणि ज्याला भेटायचं तो किती नाजूक आहे ते त्यालाच विचारा.

पुढे अक्कानंच भेटीचा निरोप धाडला. उघड्या अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मधलं अंतर मोजलं आणि आपली खुर्ची आणखी हातभर मागे ओढली.

"माप आजचंच ना?" अक्कानं विचारलं.

"आत्ताच घेतलंय," मास्तर म्हणाले आणि बसले.