सुलतानचं घमेलं

मला कुत्री आवडतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? दोन मणांचं ते धूड! मास्टिफ म्हणे. तोंडातून सदा लाळ, ती भिंतीला, माझ्या लेंग्याला. कोपरांना घट्टे पडतात म्हणून खाली गोणपाट घाला, उन्हाळ्यात फरशी भिजवून ठेवा. गिरगावातल्या त्या वाडीत भाडेकरूंच्या पोरांना दूध मिळत नव्हतं आणि सुलतानला रोज घमेलंभर वजडी-भात, बोकडाची आतडी घातलेला. तो घालणारा मी, गुणाजी. अख्खी वाडी मला कुत्र्याचा नोकर म्हणायची. म्हणा, मरा.

वाडीचे मालक मनमोहनराव. विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून त्यांनी हे पिल्लू घेतलं, तेव्हा सोबत एक ताकीद आली होती: जेवण झालं की दोन तास बांधून ठेवायचा. या जातीचं कुत्रं भरल्या पोटी पळालं तर पोटाला पीळ पडतो आणि खेळ खलास. सहा वर्षं मी ती पाळली. संध्याकाळी सातला घमेलं, नऊपर्यंत साखळी. माझ्या आईचं पथ्यपाणीही मी एवढं सांभाळलं नव्हतं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या. माणसं जीव घेऊन वाडीकडे धावली आणि मनमोहनराव गॅलरीतून ओरडले, “गुणाजी, फाटक लाव!”

लावलं. माझ्याच हातांनी. बाहेर कोण आहे हे बघितलंसुद्धा नाही. बाहेर माझा मेव्हणा दगडू होता. फाटकावर मुठी आपटत असताना त्याच्या मांडीत गोळी घुसली.

त्या दिवसापासून माझी बायको लक्ष्मी माझ्याशी बोलेना, ताट वाढेना. लालबागच्या आमच्या खोलीत मी हाताने वाढून घ्यायचो. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी चाळीत कळलं की चार वाजता बाया वाडीवर मोर्चा नेणार, मनमोहनरावांना जाब विचारणार. सगळ्यांच्या पुढे लक्ष्मी.

खबर मनमोहनरावांनाही लागली होती. “आज त्याला उपाशी ठेव,” ते सुपारी कातरत म्हणाले. “बाया अंगणात आल्या की सोडायचा.”

“साहेब, बायामाणसं आहेत ती.”

“मग तू नको सोडू. मी सोडतो.”

ते घमेलं त्यांच्या टाळक्यात घालावंसं वाटलं. पण पोट भरलं की सुलतान आडवा व्हायचा, कान धरून ओढला तरी हलायचा नाही. साडेतीनला ते वर चहा घेत होते, तेव्हा मी गुपचूप घमेलं भरलं. एकदा नाही, दोनदा. “गिळ, साल्या,” म्हणालो. त्याने माझ्या मनगटाला लाळ पुसली आणि गिळलं. पिळाचं मला ठाऊक होतं. पण म्हटलं, उठणारच नाही तर पळेल कसा?

चारला बाया आल्या. मनमोहनरावांनी साखळी काढली, छू केलं, लाथ घातली. सुलतान ओट्यावर पसरला तो पसरलाच. बाया हसायला लागल्या. फाटकापाशी उभा असलेला मीही हसलो आणि तिथेच घात झाला.

लक्ष्मीने मला हसताना पाहिलं. तरातरा आली, माझी कॉलर धरली. “माझ्या भावाक भायेर ठेवून हसतंस, मेल्या?” चौदा वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे. आणि खाडकन मुस्काटात दिली.

सुलतान भुंकला नाही. भुंकला असता तर मी सावध झालो असतो. ते धूड अख्खं अंगण कापत सुसाट आलं, बाया किंचाळल्या, मी ओरडलो, “बस!” लक्ष्मीच्या पदरापासून वीतभर अंतरावर तो थांबला. बसला. आणि ठीक आहेस ना, असं माझ्याकडे बघत राहिला.

दिवेलागणीला त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ओकायला बघायचा, नुसता फेस यायचा. मी पोट चोळलं, त्याला शिव्या घातल्या, रडलो. डॉक्टरला बोलवा म्हणून मनमोहनरावांच्या पायाशी गेलो. “बायकांना घाबरणाऱ्या कुत्र्याला डॉक्टर कशाला?” म्हणाले. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला.

“याला खायला कुणी घातलं?” मनमोहनरावांनी विचारलं.

“मी घातलं.”

“चालता हो.”

घरी लक्ष्मी दारातच उभी. “कुत्रा सोडलास ना माझ्यावर? सगळ्यांनी बघितलं.”

“मेला तो.”

“बरं झालं.”

मग मी सगळं सांगितलं. मालकाचा हुकूम, दोन घमेली, पीळ. “तुझ्या अंगावर येऊ नये म्हणून घातलं गं,” म्हणालो.

ती आत गेली आणि बारा दिवसांनी माझ्यापुढे ताट आणून ठेवलं. वाफाळता भात, वर आमटी. “जेवा,” म्हणाली.

तिचं ‘बरं झालं’ अजून कानात होतं आणि त्या ताटात मला सुलतानचं घमेलं दिसलं. मी त्या ताटाला लाथ मारली. भात भिंतीवर उडाला, तिच्या पायांवर पडला. ती खाली बसून एकेक शीत गोळा करत राहिली आणि मी तिला थांबवलं नाही.