खिडकीत लावलेला दिवा

सोमवारी दिवेलागणीला शालनच्या घरात मारियाचीवाले, म्हणजे मेक्सिकोचे वाजंत्री, उतरले, ते थेट रेकॉर्डवरून. तिच्या मुलीनं, निमानं, पहिली बाजू लावली आणि ट्रंपेटवाला सुईखालून उठला, गुडघे झटकले आणि उंबरा ओलांडून अंगणात जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून तिघं व्हायोलिनवाले, दोघं गिटारवाले, आणि एक जण पोट सुटलेली भलीमोठी गिटार सांभाळत. काळे तंग सूट, शिवणीवर चांदीची बटणं, डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या. इचलकरंजीत असलं कोण घालतंय! शालन ब्लाउज शिवणारी बाई, तिची नजर आधी शिवणीवरच गेली. शिवण चांगली होती.

सगळ्यात शेवटी गाणारी बाई निघाली. ऑर्तेन्सिया, रेकॉर्डच्या कव्हरवर नाव होतं. ती बाहेर गेली नाही. मशीनशेजारच्या खुर्चीत बसून तिनं बूट काढले.

"दमले," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तीच दहा गाणी."

"चहा टाकू?" शालननं विचारलं. दुसरं काय विचारणार माणूस?

रेकॉर्ड निमानं जुन्या बाजारातून आणली होती. मेक्सिकोची रांचेरा, तिकडची गावाकडची गाणी. निमाचं स्वतःचं गाणं शालननं दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. स्थळं यायला लागली, आता गाणंबिणं पुरे, काजंबटणं शीक, असं तिनं बजावलं. पोरगी हूं की चूं न करता हुक लावत बसली. पण रेकॉर्ड लागली की ती परकी भाषा तिच्या तोंडून न अडखळता यायची.

बाहेर गाणं वाजत होतं. शालननं रोजच्यासारखा खिडकीत दिवा लावला, हात जोडले. मारियाचीवाले वाजवायचे थांबले आणि एक पाऊल पुढे आले.

मंगळवारी अंगण हातभर आखूड झालं. तिनं दिवा लावला, ते पुन्हा एक पाऊल पुढे. बुधवारी बादली ठेवायलाही जागा उरली नाही. शालनला मशीनवर बसवेना आणि उठूनही काही सुचेना. चार वेळा सुईत दोरा ओवला, चार वेळा तोडला.

गुरुवारी दिवा लावून झाल्यावर तिनं रेकॉर्डचं कव्हर हातात घेतलं. फोटोत डोंगर होता आणि मधोमध ऑर्तेन्सियाचा काळा, चांदीच्या बटणांचा पोशाख रिकामाच उभा होता. ऑर्तेन्सिया अंगानं चांगली भरलेली. पोशाख मात्र कुणीतरी शिवणी आत घेऊन बारीक केला होता. माप ओळखायला शालनला टेप लागत नाही. छाती बत्तीस, कंबर सव्वीस. हेच माप तिनं परवा कापलं होतं, निमाच्या बघण्याच्या कार्यक्रमाच्या ब्लाउजसाठी.

"बाई, हे काय चाललंय?"

ऑर्तेन्सिया बशीतून चहा पीत होती. "आमच्याकडची रीत आहे. मुलीच्या खिडकीखाली गातात. खिडकीत दिवा लागला की होकार."

"अहो, मी देवाचा दिवा लावते! तीस वर्षं लावतेय!"

"चार वेळा लावलात. उद्या पाचव्यांदा लागला की घेऊन जातील."

"कुठं?"

ऑर्तेन्सियानं रेकॉर्डकडे पाहिलं. "माझी जागा रिकामी आहे."

शुक्रवारी शालननं दिवा लावला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. काडेपेटी तिनं मुठीत धरून ठेवली. अंगण आता उरलंच नव्हतं; टोप्यांचे काठ खिडकीच्या गजांना घासत होते. गल्लीतले माग बंद पडले. अंधारत गेलं तसे ते जोरात वाजवू लागले.

"कानात बोळे घाल," शालन निमाला म्हणाली. "आणि रविवारी जयसिंगपूरची माणसं येतायत. मी हो कळवलंय."

निमानं हुक लावणं थांबवलं नाही. "मला विचारलं नाहीस."

"त्यात काय विचारायचंय? चांगलं स्थळ आहे."

"आणि हे बाहेरचे कुणाला विचारतायत?"

"तुला."

"मग उत्तर तू का देतेस, आई?"

शालनला राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. जयसिंगपूर तासाभरावर होतं. रेकॉर्डच्या आतून काही एसटी सुटत नव्हती.

"जाऊ नकोस गं," ती म्हणाली. पोरीकडे आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं.

निमा उठली, खिडकीशी गेली. शालननं काडेपेटी आणखी घट्ट आवळली, तरी काडी ओढल्याचा आवाज निमाच्या हातातून आला. वात पेटली. बाहेर सगळ्यांनी टोप्या काढल्या. ऑर्तेन्सियानं खुर्चीतच डोळे मिटले.

शालननं झडप घालून निमाचं मनगट धरलं. हाताला काळं कापड लागलं, चांदीची गार बटणं लागली. बाही कुठंच सैल नव्हती. तिनं ती सोडली नाही.

निमानं गाण्याआधी घेतात तसा श्वास घेतला.