धक्क्यावर आडवा पाइप

चारी बाजूंनी समुद्र आणि प्यायचं पाणी मात्र बोटीनं येतं, असं आमचं बेट. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघराखाली टाकं होतं. पावसाआधी गच्ची चुन्यानं पांढरी करायची, तिच्यावरचं पाणी थेट टाक्यात. मग सरकारची पाण्याची बोट सुरू झाली आणि लोकांनी टाकी कोरडी करून त्यात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. मी नाही काढली, म्हणून मला वेड्यात काढलं.

यंदा वारा सुटला तो थांबेचना. बोट नाही, पाणी नाही. माझा मुलगा लेफ्तेरिस बेटावरचा एकटा पाववाला. त्यानं पीठ मळायचं कशात? माझ्या टाक्यातलं पाणी नेत होता, तेही तळाला गेलं. शेवटी वैतागून म्हणाला, खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र सरकार कधीपासून पाठवतंय म्हणे. या खेपेला उतरलं तर राहतो, नाहीतर त्याच बोटीनं ऱ्होड्सच्या मोठ्या बेटावर. वारा जरा पडला, तसा बॅग घेऊनच धक्क्यावर आला.

पाण्याची आणि प्रवासी, दोन्ही बोटी एकदमच आल्या. पाणीवाल्यांनी आधी येऊन धक्क्यावर आडवा पाइप जोडला. पंप सुरू होणार, तेवढ्यात प्रवासी बोटीचं दार उघडलं आणि यंत्राचा ट्रक तिथेच अडला. पाइपवरून गाडी न्यायला बंदी. पाणीवाला म्हणाला, वारा परत उठतोय, पाइप काढला तर पुन्हा जोडणार नाही. प्रवासी बोटीचा कप्तानही थांबायला तयार नाही. नगराध्यक्ष पांदेलिस, माझ्या गेलेल्या नवऱ्याचा भाऊ, त्यानं अथेन्सला फोन लावला. पाणी खातं म्हणालं, हे वाहतुकीचं. वाहतूक खातं म्हणालं, हे पाण्याचं. आता कपाळ बडवून घ्यायचं की काय!

"भाऊजी, फोन ठेवा आणि पाइप काढायला सांगा," मी म्हणाले.

"वहिनी, लोक मला फाडून खातील. त्यांना पाणी आज पाहिजे."

"आजचं पाणी चार दिवसांत संपेल. मग परत फोनच लावत बसाल ना?"

तो फोन सोडेना. मग मीच पाणीवाल्याला जाऊन सांगितलं, काढ बाबा. त्याला निघायचीच घाई होती. लोकांनी मला नाही नाही ते ऐकवलं. ज्यांनी टाक्यांत पलंग टाकलेत, तेच सगळ्यात जोरात बोंबलत होते. पण ट्रक उतरला. दोन्ही बोटी गेल्या आणि लेफ्तेरिस धक्क्यावरच उभा होता. मला रडूच आलं.

यंत्राबरोबर आलेल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं. म्हणाला, सुरू करायच्या आधी हे आतून धुवावं लागतं, गोड्या पाण्यानं. सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. इतका वेळ शिव्या देणारे आता मला मावशी म्हणत होते.

घरी जाऊन टाक्याचं झाकण काढलं. लेफ्तेरिस आत वाकून बघत राहिला.

"आई, हे दिलं तर उद्या पाव नाही."

"नसू दे. एक दिवस वाळके टोस्ट चावू देत त्यांना."

तो हसला, बूट काढले आणि डबा घेऊन खाली उतरला. तळ खरवडल्याचा आवाज वर येत होता. त्याची बॅग धक्क्यावरच राहिली होती. ती आणायला मीच गेले. पांदेलिस अजून फोनवरच होता.